पुन्हा एकदा

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या पटकथेतली आजोबांची भूमिका मी काल रात्री एका बैठकीत वाचून काढली. सोबत तू लिहिले आहेस की, तीस वर्षे रंगभूमीवर काढलेल्या बाबांना सेटवर चारचौघांदेखत ‘पुन्हा एकदा’ म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही, म्हणून ही भूमिका दुसऱ्या कोणाला द्यावी असे तुझ्या मनात आहे. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहीत आहे.

राज कपूर आठव. त्यांच्या वडिलांनी, पृथ्वीराजांनी, १९४४ साली पृथ्वी थिएटर्स ही नाटक कंपनी काढली, गावोगाव दौरे केले, आणि नाटक संपले की ते स्वतः झोळी पसरून, मान खाली घालून दाराशी उभे राहत. अशा घरातल्या थोरल्या मुलाने दिग्दर्शक केदार शर्मांकडे क्लॅप देण्यापासून सुरुवात केली. शर्मांनीच त्यांना १९४७ साली नायक केले आणि पुढच्याच वर्षी, वयाची २४ वर्षे पुरी होण्याआधी, त्यांनी आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला.

तरी मला मोठे वाटते ते १९५१ चे ‘आवारा’. चांगल्याच्या पोटी चांगला आणि चोराच्या पोटी चोरच जन्मतो, असे मानणारा न्यायाधीश रघुनाथ त्यात पृथ्वीराजांनी केला. राज कपूरांचे आजोबा बशेश्वरनाथ न्यायासनावर, धाकटा भाऊ शशी लहानपणीच्या नायकाच्या भूमिकेत, आणि रक्तावरून माणूस ठरत नाही हे सांगणारा तो चित्रपट त्याच रक्ताचा मुलगा दिग्दर्शित करत होता. पहिल्याच प्रसंगात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाप उभा आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मुलगा. कॅमेरा कुठे ठेवायचा, बापाने किती थांबायचे, कधी नजर वळवायची, हे सारे मुलाने ठरवायचे होते. तिथे त्यांनी भीड धरली असती, तर तो न्यायाधीश इतका कठोर उतरला नसता, असे मला मनापासून वाटते. पुढे ‘मेरा नाम जोकर’ने १९७० साली त्यांना कर्जात लोटले, तरी १९७३ साली ‘बॉबी’त त्यांनी नायक म्हणून उभा केला तो आपला मुलगा ऋषीच.

आता माझे ऐक. दिवाळीत तू माझी चाचणी चित्रित केलीस, ती मी पुन्हा पाहिली. चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा माझा हात बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला दिसेल असा फिरला आहे, आणि साध्या ‘हो’ला भुवया वर गेल्या आहेत. नाट्यगृहात हे लागते. तुझ्या कॅमेऱ्याला ते नको आहे. माझ्या वयाला आणि नावाला मान देऊन इतर सगळे गप्प बसतील, म्हणून ते तूच सांगायला हवे. तू ‘मला नट व्हायचे नाही’ म्हणालीस तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तो अबोला माझी चूक होती, आणि आजचा तुझा संकोच त्यातूनच आला असेल, तर तो मनातून काढून टाक.

ही भूमिका मलाच दे. दहाव्यांदा करायला लावलेस, तर अकराव्यांदाही करीन. शुक्रवारी वाचनाला येतो. मिशी ठेवून येऊ की काढून, तेवढे कळव.

तुझा,
बाबा