कलमच खोटे निघाले, तर खताचा डोस काय करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला संत्र्यावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लहान बागाईतदार माती तपासत नाही, डोस पाळत नाही, म्हणून फळगळ होते आणि उत्पादन घटते, हा लेखाचा सूर. नत्र, स्फुरद, पालाशचे कोष्टकही ठळक छापले आहे. पण ज्या निविष्ठेवर अख्खी बाग उभी राहते, त्या कलमाबद्दल एक ओळ नाही.

माझा धाकटा भाऊ वरूड तालुक्यात शेती करतो. मी नोकरीपायी मुंबईत राहिलो, तरी बागेत पैसा दोघांचा आहे. त्याने एका खासगी रोपवाटिकेतून ‘जंबेरी खुंटावरची, रोगमुक्त’ कलमे घेतली. खुंट म्हणजे खालचे, जंबेरी लिंबाचे मुळांसकट रोप; त्यावर संत्र्याचा अंकुर बांधतात, तोच डोळा. डोळा जमिनीपासून निदान वीतभर वर बांधलेला हवा. या रोपांचा चार बोटांवर होता. भावाने तिथेच विचारले, तर ‘झाड वाढलं की डोळा वर जाईल’ असे सांगितले. ही चक्क फसवणूक आहे. बांधलेला डोळा जिथल्या तिथेच राहतो, आणि आळ्यात माती बसली की तो ओलीला टेकतो.

बहार धरायच्या वयाला बाग आली आणि बुंध्यांतून डिंक गळू लागला. फायटोप्थोरा बुरशी ओल्या मातीतून सालीत शिरते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. पान पिवळे दिसले की दुकानदार झिंक देतो, फेरस देतो, वर टॉनिकची बाटली. भावाने सगळे केले. शेणखत, निंबोळी पेंड घातली, पावसाळ्याआधी बुंध्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली, पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळी केली. डीएपी खताची गोणी १३५० रुपयांना, बुरशीनाशकावर १८ टक्के जीएसटी. हा माणूस खर्च करत नाही, असे कोण म्हणेल? पण कुजलेले मूळ खत उचलत नाही. एकरी ११० झाडांच्या बागेतली निम्म्याहून अधिक झाडे उपटून जाळावी लागली. त्या दिवशी तो फोनवर नीट बोलूही शकला नाही.

युरिया कमी-जास्त झाला तर पुढच्या बहाराला सावरता येते. कलम खोटे निघाले हे पाच-सहा वर्षांनी कळते, आणि तोवर पाणी, मजुरी, कर्ज सगळे त्यात गेलेले असते.

तक्रार केली. पाहणी झाली, पंचनामा झाला. पुढे उत्तर मिळाले की पावतीवर खुंटाचा उल्लेख नाही, तेव्हा काही सिद्ध होत नाही. फळरोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे, मग पावतीवर खुंट लिहिण्याची सक्ती का होत नाही? खताच्या गोणीवर घटक छापलेले असतात, औषधाच्या बाटलीवर मुदत असते. आमच्या कलमांच्या पिशव्यांवर काहीच नव्हते. खुंट कोणता, डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, परवाना क्रमांक काय, एवढे तरी प्रत्येक रोपाला बांधलेले असावे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त रोपे तयार होतात. ती वर्षाला किती होतात आणि दोन-तीन एकरवाल्याच्या हाती किती पडतात, हे तुमच्या प्रतिनिधीने विचारायला हवे होते. त्या बातमीची आम्ही वाट पाहू.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र नागपुरी संत्र्याचे नाही, किन्नूचे, म्हणजे पंजाबकडच्या संकरित संत्र्याचे आहे. साल गराला घट्ट चिकटलेली आणि तुकतुकीत. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटाने सहज सुटते. या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुंबईत हातगाड्यांवर किन्नू ‘नागपुरी’ म्हणून खपवला जातो, त्यावरून मी विक्रेत्यांशी भांडतो. आता ते तुमचाच अंक माझ्यासमोर धरतील. कृपया ठळक दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई