डॉक्टर मॅडम, तुम्ही आरसा पालथा घातलात

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तपासणी झाल्यावर ‘थँक्यू’ म्हणून मी उठले खरी, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. बाहेर पुढचे पेशंट ताटकळले होते आणि माझा गळा दाटून आला होता. त्या दिवशी राहून गेलेलं आज चारचौघांसमोर लिहितेय.

आधी ज्यांच्याकडे गेले होते त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. तिथे चेहऱ्यावर प्रखर दिवा धरून, भिंगाचा आरसा पुढ्यात ठेवून माझ्या गालांचा पंचनामा झाला. इथे वांग, इथे रंध्रं मोठी, इथे खड्डे. बोट माझ्या चेहऱ्यावर आणि लक्ष पॅकेजच्या कागदाकडे. वांगावर जे क्रीम दिलं त्यात स्टेरॉइड आहे, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. सुरुवातीला चेहरा असा उजळला की भेटेल तो कौतुक करायचा. पुढे पुढे क्रीम एक दिवस राहिलं की आग, लाली, बारीक पुटकुळ्या. विचारायला गेले तर उत्तर तयार होतं : ‘तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे.’ दोष माझ्या कातडीच्या माथी मारून सगळे मोकळे. याचा राग मला अजून येतो.

तुमच्या टेबलावरही तसाच आरसा होता. तो बघूनच मी मास्क काढायला कचरत होते. तुम्ही काही न बोलता तो पालथा घातलात, टेबलावरचा दिवा बंद केलात, पडदा सरकवलात आणि म्हणालात, ‘या, खिडकीपाशी बसू.’ मग बोटांच्या पाठच्या बाजूनं माझा गाल हलकेच चाचपलात. डाव्या गालावर, जिथे सालं निघत होती, तिथे तुमचा हात क्षणभर थांबला. ‘दमलीय ही त्वचा. आता तिला थोडी उसंत देऊ.’

मॅडम, त्या काळात घरच्यांनीसुद्धा माझ्या चेहऱ्याकडे बघताना नजर चुकवायला सुरुवात केली होती. प्रेमापोटीच, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि तुम्ही मात्र उजेडात, शांतपणे, पुरेसा वेळ बघितलंत. औषधांनी गुण आला, ते त्यांचं कामच आहे. मला धीर आला तो त्या पालथ्या आरशानं.

ते क्रीम कसं सोडायचं हे तुम्ही ठरवून दिलंत. त्या खोलात इथे जात नाही, कारण ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि ते मनानं करायचं काम नाही. पण बाकीचं जे सांगितलंत ते कुणालाही उपयोगी पडेल असं आहे. मुख्य म्हणजे प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत.

चेहऱ्याला लागतात तीनच गोष्टी : सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5च्या आसपास. अंगाला लावायचा नेहमीचा साबण 9 ते 10 पीएचचा, म्हणजे उलट अल्कधर्मी, म्हणून धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. मी त्या ओढलेपणालाच स्वच्छता समजायचे, मलाच काय, जवळपास सगळ्यांना तसंच शिकवलेलं असतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी सिरामाइडसारख्या स्निग्ध पदार्थांनी एकमेकींना धरून असतात, विटांमध्ये सिमेंट असावं तशा. कडक साबण, कढत पाणी आणि खसाखसा स्क्रब यांनी नेमकं ते सिमेंटच निघून जातं. मग पाणी उडून जातं, आणि एरवी चालणारी क्रीमसुद्धा झोंबायला लागतात. म्हणून पाणी कोमट, टॉवेल टिपण्यापुरता, आणि चेहरा जरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, फक्त हलकं, जेलसारखं.

सनस्क्रीनच्या वेळी तुम्ही स्वतःच्या दोन बोटांवर ट्यूबमधून लांबच्या लांब दोन रेघा काढल्यात. ‘चेहरा आणि मान मिळून एवढं.’ मी बघतच राहिले. एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा. वाटाण्याएवढं लावून 50 एसपीएफचं संरक्षण मिळत नाही, कारण तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या जाड थरावर मोजलेला असतो. 30 एसपीएफ नीट लावलं तर उन्हातल्या, त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडतात, 50 लावलं तर 98. आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची, आणि उन्हात असलो तर दर दोन तासांनी पुन्हा लावणं. यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, म्हणून डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हवं, म्हणजे दोन्ही प्रकारचे किरण अडवणारं. वांग तर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतो, त्याला आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन बरं पडतं. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे नुसते नवं काहीतरी विकत होते.

नवीन काही आणलं तर एका वेळी एकच, आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघायचं. मुरुमांच्या औषधाला दोन-तीन महिने तरी द्यायचे, कारण त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच महिनाभर किंवा जास्त लागतो. आठवड्यात गोरं करणाऱ्या गोष्टीचा संशय घ्यायचा. हे शेवटचं तुम्ही जरा आवाज चढवून म्हणालात, आणि फार बरं वाटलं.

‘याची गरज नाही’ असं सांगणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. मी नेलेल्या पिशवीतल्या बाटल्या तुम्ही एकेक करून बाजूला काढल्यात, त्यांच्या जागी स्वतःची एकही ठेवली नाहीत. असा सरळपणा कुठल्याही कामात दिसला, मग तो मेकॅनिक असो की मास्तर, की मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं. समोरचा घाबरलेला असतो, त्याला काही कळत नसतं, त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. तिथे जो हात आखडता घेतो तो मोठा माणूस.

लाली बरीच उतरलीय. वांग आहे, पण फिका झालाय, आणि तो पुन्हा डोकं वर काढू शकतो हे तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे मी घाबरत नाही. मास्क सुटला.

पुढच्या खेपेला भाचीला घेऊन येतेय. कपाळभर मुरुमं आहेत, आणि अस्वच्छतेमुळेच ती येतात असं समजून घरचे तिला दिवसातून चार-चारदा साबणानं तोंड धुवायला लावतायत. कालच तिच्या हातातला साबण काढून घेतला. बाकीचं तुम्ही तिला समजावून सांगा, तुमचं ती ऐकेल.

आपली,
एक पेशंट