ऑक्टोबरातले नर हरीण नाहीसे होत नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत रॉकी पर्वताविषयी आलेल्या लेखात असे विधान होते की, उन्हाळ्यात उघड्या कुरणांवर दिसणारे म्यूल हरणांचे (उत्तर अमेरिकेतील लांब कानांच्या हरणांचे) मोठे नर ऑक्टोबरात नाहीसे होतात आणि शिकाऱ्याला मग नशिबावरच हवाला ठेवावा लागतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहणारा आणि शरद ऋतूत रीतसर परवाना घेऊन रानात जाणारा वाचक या नात्याने मला हे विधान मान्य नाही. नर नाहीसा होत नाही, तो जागा आणि वेळापत्रक बदलतो. हा बदल ज्याला कळतो, त्याला नशिबाची फारशी गरज भासत नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि ती राहावी असेच माझेही मत आहे. कोलोरॅडोतील व्यवस्था निराळी आहे. तेथे १९९९ पासून हरणांचे सर्व परवाने मर्यादित संख्येत, मुख्यतः सोडतीने दिले जातात. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे तेथे गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. उन्हाळ्यात नरांची शिंगे वाढत असतात, त्यांवर मखमली कातडे असते आणि त्या काळात ते वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत) वरच्या खुल्या खोऱ्यांत टोळीने चरतात. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे कातडे गळून पडते, टोळ्या फुटू लागतात, तांबूस अंग करडे होते आणि वयस्क नर स्प्रूस-फर या सूचिपर्णी वृक्षांच्या गर्द झाडीकडे किंवा तुटक कड्यांच्या अवघड उतारांकडे सरकतो. पुढे बर्फ साचले की तो सेजब्रशच्या झुडपांच्या सखल माळांवर उतरतो. शेजारच्या वायोमिंग राज्यातील रेड डेझर्ट ते होबॅक हे हरणांचे स्थलांतर तर एका दिशेने सुमारे २४० किलोमीटरचे आहे. नोव्हेंबरच्या मध्यास मीलनाचा हंगाम रंगात येतो, तेव्हा नर माद्यांच्या मागे भरदिवसा फिरतो आणि त्याला शोधणे त्या मानाने सोपे असते. खरा कस लागतो तो उन्हाळा आणि मीलनाचा हंगाम यांच्या मधल्या आठवड्यांत.

या दिवसांत नर बसतो कोठे, हे आपल्या सह्याद्रीत भटकणाऱ्यांना चटकन समजेल, कारण सोंड, घळ, धार, कातळ हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. वयस्क नर बहुधा उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, धारेच्या थोडे खाली, एखाद्या कातळाच्या किंवा ज्युनिपरच्या बुंध्याच्या आडोशाला बसतो. धारेवरून येणारा वारा त्याच्या पाठीमागून येतो, ऊन चढल्यावर दरीतली तापलेली हवा वर येऊन खालची बातमी त्याच्या नाकाशी आणते आणि समोरचा सगळा उतार त्याच्या डोळ्यांखाली असतो. म्हणून सकाळी उशिरा खालून चढत जाणारा शिकारी त्याला दिसण्याआधीच नराला त्याचा वास लागलेला असतो. उत्तरेकडच्या उतारावर सावली आणि दाट झाडी, तर दक्षिणेकडच्या उतारावर बिटरब्रश आणि माउंटन महॉगनी या झुडपांचा चारा, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते; जेथे हे दोन उतार एखाद्या सोंडेवर भेटतात, ती कड मी प्रथम पाहतो.

पाहणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. उजाडण्यापूर्वी समोरच्या धारेवर जाऊन बसावे, दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवावी आणि पलीकडचा उतार पट्ट्यापट्ट्याने तपासावा. संपूर्ण हरीण शोधू नये, तसे ते क्वचितच दिसते. उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ, पांढुरका पार्श्वभाग, काळ्या टोकाची शेपटी किंवा माशी उडवण्यासाठी हललेला लांब कान, एवढेच हाती लागते. अनेक जण नऊ वाजता दुर्बीण मिटून न्याहारीला गाडीकडे परततात, हे मला फार चुकीचे वाटते. सूर्य वर आला की सावली सरकते, बसलेल्या नराच्या अंगावर ऊन येते आणि तो उठतो. आळस देतो, बिटरब्रशचे दोन-चार शेंडे खुडतो, एकदा खाली नजर टाकतो आणि पुन्हा नव्या सावलीत बसतो. हा सारा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. त्या मिनिटांत जो दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो, त्यालाच तो दिसतो.

दिसला म्हणजे लगेच निघावे असेही नाही. तो कोणत्या कातळाखाली बसला ते दोन-तीन ठळक खुणांनी मनात पक्के करावे, कारण पलीकडच्या उतारावर पोहोचल्यावर सगळे खडक सारखेच दिसू लागतात. वारा स्थिर झाल्यावर वळसा घालून, शक्यतो वरून किंवा बाजूने जावे. आणि जागा एवढी दुर्गम असेल की अंधारापूर्वी मांस सोडवून थंड जागी नेता येणार नाही, तर त्या दिवशी बंदूक उचलूच नये. ऑक्टोबरातली दुपार कित्येकदा उबदार असते आणि मांस लवकर नासते. आपल्या लेखकाने या विषयावर पुन्हा लिहावे आणि त्या वेळी जागा शोधण्याच्या या कामाला पुरेशी जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो