सुध्याला, लाल फितींबद्दल

पुणे
सोमवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

फेब्रुवारीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय तेही अडकलो म्हणून, हे आधीच कबूल करतो. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच.

आता ऐक. तू म्हणायचास, फेरी आणि श्रमदान एका दिवशी ठेवू नका. मी म्हणायचो, लोक एकदाच टेकडी चढतात, दोन्ही उरकून घेऊ. त्यावरून नानांच्या ओट्यावर काय झालं आणि पुढे तीन आठवडे कोण कोणाशी बोलत नव्हतं, ते नानांना अजून तोंडपाठ आहे. तर काल वेताळ टेकडीवर मी दोन्ही एकत्र ठेवलं. आधी फुलपाखरांची फेरी, मग घाणेरी, म्हणजे ती बाहेरून आलेली टणटणी, काढायची. मोफत, वीस जणांची नोंदणी. आले त्रेसष्ट. त्यातले चाळीस एका कंपनीचे, एकसारख्या टीशर्टात, बॅनर घेऊन. शनिवारी संध्याकाळी मी खाणीच्या वरच्या अंगाला जाऊन रुईला आणि टाकळ्याच्या पट्ट्याला लाल फिती बांधून आलो होतो. अर्थ असा की याला हात लावू नका. मागे उभ्या असलेल्यांना माझं बोलणं ऐकूच गेलं नाही. त्यांनी फिती बघितल्या आणि लाल म्हणजे काढायचं असं समजले. पाऊण तासात अकरा गोण्या भरल्या. घाणेरी जागच्या जागी. तिला फीत नव्हती ना!

हसून घे. मारुतीला दर शनिवारी रुईची माळ जाते, वर्षानुवर्षं पानं खुडली जातात, तरी ती रुई उभी होती. आम्ही एका रविवारी आडवी केली. चूक त्या पोरांची नाही. खूण मी चुकीची केली आणि त्रेसष्ट माणसांना एकट्याने सांगत बसलो.

गोण्या उलट्या करून अळ्या शोधल्या. बिबळ्या कडवा फुलपाखराच्या चौदा सापडल्या. शेलारांच्या नातवाला वाटलं, चिमटीत धरून दुसऱ्या रुईवर सोडायच्या. तसं नाही चालत, तुला माहीत आहे. कात टाकायला बसलेली अळी पानाला पाय रोवून असते, ओढली की जाते. म्हणून पानाचा अळीसकट तुकडा कापला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने उभ्या रुईच्या पानाला लावला. तुकडा सुकला की ती आपणच ताज्या पानावर सरकते. एका तुकड्यावरच्या बाईसाहेब सुटका होतेय तोवर जेवायला बसल्या होत्या. आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहू दिला, मग पुढच्या भागावर तोंड टाकलं. पोरं पंधरा मिनिटं हललीच नाहीत. अख्ख्या सकाळच्या फेरीत जे झालं नाही ते त्या गोणीपाशी झालं.

रुईचं मला दुःख नाही, मुळं जमिनीत आहेत, फुटेल. टाकळा मात्र वर्षायू. शेंगा पिकायच्या आत गेला. पिवळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात, आणि आता पुढच्या पावसाळ्यात मातीत जुनं बी असेल तेवढंच उगवणार. तुझी आई भाजीला नेहमी त्याच पट्ट्यातून कोवळा पाला न्यायची, म्हणून तुला आधी सांगतोय.

रात्रभर विचार केला. यापुढे एका दिवशी एकच झाड. त्या दिवशी गाजरगवत असेल तर फक्त गाजरगवत. दोघांची जोडी करायची, जोडीला त्या झाडाची एक काडी हातात द्यायची, तिच्याशी जुळेल तेच उपटायचं, बाकी हिरवं सगळं आपलं. ते गवत हातमोज्यांशिवाय धरू द्यायचं नाही. कोणाला खाज कधी सुटेल सांगता येत नाही, कोणाला पहिल्याच दिवशी, कोणाला चौथ्या वर्षी. पांढरी फुलं येण्याआधी, पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीतून मुळासकट काढायचं. फुलावर आलेलं ढिगात टाकलं तर बी तिथेच पिकतं, म्हणून ते वेगळ्या गोणीत, तोंड बांधून. देशभर पसरलेल्या या गवताची पहिली बोंब पुण्यातच उठली होती, 1955 च्या सुमाराला. तेव्हा निदान हे काम तरी पुणेकरांनी नीट करावं.

घाणेरीचा दिवस निराळा. तिथे खुरपं कामाचं नाही, टिकाव लागतो. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते, आणि बहुतेक श्रमदानांत नेमकं हेच होतं, कारण छाटलेल्या ढिगाचा फोटो चांगला येतो. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उपडं करून तिथेच ठेवायचं, मुळं वर, म्हणजे पुन्हा रुजत नाही. पक्षी बसतात त्या झाडांखाली बिया पडतात, तिथे पुढचे दोन पावसाळे फेरी मारावी लागते. शिवाय एक प्रश्न दर वेळी येतोच, "पण फुलपाखरं घाणेरीवर किती बसतात!" बसतात, मध मिळतो. अंडी घालायला रुईच लागते, टाकळाच लागतो. हॉटेल आणि बाळंतिणीची खोली यांतला फरक, असं मी सांगतो. काकूंना ही उपमा पसंत नाही.

आणि राखायच्या पट्ट्याला फीत नाहीच. चारी बाजूंनी सुतळी, कंबरेच्या उंचीला, आत पाऊल टाकायचं नाही. दोरी ओलांडायची नसते, एवढं लहान पोरालाही कळतं.

फेरीही वेगळ्या रविवारी, आणि साडेआठच्या आत नाही. पक्षीवाले साडेसहालाच गोळा होतात, पण फुलपाखरांना पंख तापवायला ऊन लागतं, तोपर्यंत लोक गारठलेल्या झुडपांकडे बघत जांभया देतात. पंधरा माणसांमागे एक जण पुढे, एक शेपटाला. त्याहून मोठा घोळका झाला की पुढच्यांनी बघितलेलं फुलपाखरू मागचे येईपर्यंत उडालेलं असतं. मोजणीवाले दोघेच पुढे सोडायचे. दोन्ही अंगांना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात येईल तेच धरायचं, चाल न मोडता. मागे वळून 'ते बघ नीलवंत' केलं की तेच दोनदा मोजलं जातं. मागच्या वर्षी मीच तसं केलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता खरी चिंता. कंपनीवाल्यांना काल फार आवडलं. पुढच्या महिन्यात ऐंशी जण आणतो म्हणाले, टिकाव, हातमोजे, नाश्ता सगळं त्यांच्याकडून. ऐंशी म्हणजे सहा तुकड्या, आणि घाणेरी ओळखणारे आपल्याकडे मोजून चार. नाही म्हणावं तर तू हवा होतास, मला 'नाही' म्हणताना नेहमी खोकला येतो. माणशी पन्नास रुपये लावू, गर्दी आपोआप गळेल, ही तुझी जुनी सूचना काकूंनी परत काढली. पण सुध्या, पन्नास रुपयांनी कंपनीवाले गळणार नाहीत, पायथ्याच्या वस्तीतल्या पोरी गळतील. काल रुईच्या पानाखालचं अंडं, खसखशीच्या दाण्याएवढं, पहिल्यांदा त्यांच्यातल्याच एकीला दिसलं. तिच्या हातात काडी दिली तर ती पंधरा जणांची तुकडी सहज सांभाळेल. असं वाटतंय की वर्षभर त्यांनाच तयार करावं आणि कंपनीला तोवर गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या, बाजूला, जिथे बिघडण्यासारखं फार उरलेलं नाही, तिथे प्लास्टिक वेचायला न्यावं. हे पटतंय का तुला, की पुन्हा ओटा?

तुमच्या धारावीच्या उद्यानाचं बरं. कचऱ्याच्या डेपोवर 37 एकरांचं रान उभं राहिलं, आणि त्याला दार आहे, तिकीटखिडकी आहे. आमच्या टेकडीला दहा वाटा. तिथे मोठे गट आले की किती जणांना एकदम आत सोडतात, ते पुढच्या खेपेला जाशील तेव्हा विचारून ये.

मुग्धाची बारावी कशी चाललीय? वहिनींची बदली रद्द झाली म्हणे, उत्तम. नवं घर बघायला येतो, दिवाळीनंतर.

माझा लांब दांड्याचा टिकाव तुझ्याकडे आहे. नाकारू नकोस, माळ्यावर बघ. येशील तेव्हा घेऊन ये, आणि 'सांगितलं होतं' हे वाक्य एकदाच म्हण.

तुझा,
विन्या