आईच्या करवतकाठी साडीच्या नुकसानीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बंगई (झोपाळा) व दोन खुर्च्यांचे निकृष्ट काम आणि कोशाच्या (टसर रेशमाच्या) साडीचे नुकसान

महोदय,

धरमपेठेतल्या आमच्या घरून तुमची माणसं ११ एप्रिलला बंगईची गादी, तिचे दोन लोड आणि दोन सागवानी खुर्च्या घेऊन गेली. आठ दिवसांत देतो म्हणाले, ९ मेला आणून दिल्या. उशिराबद्दल माझं काही म्हणणं नाही. लग्नसराईत कारागीर मिळत नाहीत, हे मला कळतं.

तक्रार साडीची आहे. खुर्च्यांच्या पाठीला आणि लोडांच्या टोकांना लावायला मी माझ्या आईची करवतकाठी दिली होती. मोहाडीहून घेतलेली, कोशाची. निऱ्यांच्या घड्यांवर ती विरली होती, नेसण्याजोगी राहिली नव्हती. पण काठ आणि पदर अजून धडधाकट होते. करवतकाठीचा काठ वरून जोडलेला नसतो. तीन धोटे चालवून काठ आणि अंग विणतानाच एकमेकांत गुंतवतात, त्यातूनच ते करवतीचे दाते उमटतात. एकदा कापला की पुन्हा जुळत नाही. हे सगळं मी तुमच्या माणसाला बंगईवर साडी पसरून, बोट ठेवून दाखवलं होतं. मागून सुती अस्तर लावायचं, काठ हाताने शिवायचा, सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) अजिबात लावायचं नाही, असं ठरलं. पावतीच्या मागे त्यानेच ते लिहून दिलं आहे. फोटो सोबत जोडला आहे.

आलं ते असं : अस्तर नाही, शिलाई नाही. काठ थेट सोल्यूशनने चिकटवलेला. ते कोशातून वर आलं आणि पाठीवर तपकिरी डाग पडले, हाताला कडक लागतात. एका खुर्चीवर पट्टी सरळ करण्यासाठी काठ दात्यांमधूनच कापला आहे. एका बाजूला अर्धे दाते, दुसऱ्या बाजूला नुसती मरून रंगाची पट्टी. नागपुरातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. दोन दुपारींत सोल्यूशन पातळ झालं आणि टोकं सुटून लोंबू लागली.

पैसे ४० डेन्सिटीच्या फोमचे घेतले, पण बसल्याबरोबर खाली चौकटीचं लाकूड लागतं. खुर्ची उलटी करून खालचं काळं कापड उचकटलं तर आत जुनीच नवार (बैठकीखाली विणलेली पट्टी), तीही सैल. नवी नवार बिलात लावलेली आहे.

मी दोनदा फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, कापड तुमचं होतं, त्याची जबाबदारी आमची नाही." हे मला मुळीच मान्य नाही. तुमच्या दुकानातलं जॅकार्ड बिघडलं असतं तर दुसऱ्या ठाणातून कापून लावलं असतं. ही साडी दुसरी मिळणार नाही, म्हणून तर एवढं बजावलं होतं. आई त्याच बंगईवर बसून वाती वळायची. घरातल्या लेकरांना तिची काहीतरी खूण हाताशी राहावी, एवढ्यासाठी हा खर्च केला होता.

सगळ्यात आधी साडीचा उरलेला भाग परत करा. पदर आणि जवळपास दोन मीटर काठ तुमच्याकडे आहे, तो खुर्च्यांबरोबर आलेला नाही. चिकटवलेल्या पट्ट्या ओढून काढायला कोणालाही पाठवू नका. जुन्या रेशमाचं काम येणारा कारागीर असेल तरच पाठवा आणि येण्याआधी कळवा. फोम आणि नवार करारानुसार बदलून द्या. एकूण १८,५०० रुपयांपैकी साडीकामाचे ६,००० रुपये परत करा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, फोटो आणि तुमच्या माणसाचे संदेश मी जपून ठेवले आहेत.

साडीचा भाग पाठवताना त्याची घडी घालू नका. कागदी नळीवर, मध्ये सुती कापड घालून गुंडाळा. घडीवर तो फाटतो.

कळावे,
आपली ग्राहक
धरमपेठ, नागपूर