माझ्या पिस्तुलाची बाजू घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या एअर पिस्तुलाचे सील पहिल्यांदा बदलले. हवा धरून ठेवणारी ती छोटी रबरी कडी कडक झाली होती, छर्रे नेहमीपेक्षा खाली लागू लागले होते आणि तरफ ओढताना हाताला जाणवणारा जोर कमी झाला होता. नवी कडी बसवल्यावर मी तुमच्याच पद्धतीने टेबलावर टॉवेलची घडी ठेवली, पिस्तूल धरलेला हात तिच्यावर टेकवला आणि पाच छर्रे सोडले. लक्ष्याच्या कार्डावरचे छिद्र पाहताना तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले आहेत, हे ध्यानात आले. समोर बोलायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. नव्याने एअर पिस्तूल घेणाऱ्या कोणाच्या हाती ते पडले, तर तुम्ही मला जे दिले त्यातले थोडे त्यांनाही मिळेल.

त्या वेळी मला पिस्तूल घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक, म्हणजे तरफ एकदा ओढून हवा दाबायची आणि त्या हवेवर एकच छर्रा सोडायचा, अशा जातीचे ते साधे पिस्तूल. स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या, दाबलेल्या हवेचा सिलिंडर लावलेल्या पिस्तुलांच्या मानाने त्याची किंमत फारच कमी होती. विकत घेतानाच एका विक्रेत्याने ‘शिकण्यापुरते ठीक आहे, गुण हवे असतील तर लवकरच दुसरे घ्यावे लागेल’ असे सांगितले होते आणि ते वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवले होते. छर्रा नऊवर गेला की माझे कौशल्य आणि पाचावर गेला की पिस्तुलाची मर्यादा, असा माझा हिशेब चालला होता. नव्या पिस्तुलासाठी पैसे बाजूला काढायला मी सुरुवातही केली होती.

त्या संध्याकाळी रेंजवर तुम्ही शेजारच्या लेनवर सराव करत होता. माझी तक्रार तुम्ही पूर्ण ऐकून घेतलीत, मध्ये एकदाही बोलला नाहीत, आणि मग फक्त पिस्तूल मागितलेत. टेबलाशी बसून, टॉवेलवर हात टेकवून, दोन छर्ऱ्यांमध्ये घाई न करता तुम्ही पाच छर्रे सोडलेत. कार्ड जवळ आले तेव्हा त्यावर पाचही छर्ऱ्यांचे मिळून एकच ओबडधोबड छिद्र होते आणि ते मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळात मावत होते. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. तुम्ही एवढेच म्हणालात, ‘पिस्तुलाने त्याचे काम केले आहे. आता कार्डावर दुसरे जे काही दिसेल ते तुमचे.’ त्या क्षणी मला थोडे वाईट वाटले होते, पण खरे शिकणे तिथूनच सुरू झाले, कारण साधनावर शंका असेपर्यंत कार्डावरचे एकही छिद्र मला काही सांगू शकत नव्हते. चूक कोणाची हेच ठरत नसेल, तर ती सुधारायची कुठून?

त्यानंतर कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तुम्ही जे गणित मांडलेत ते मी आजवर किती जणांना समजावले असेल, त्याची मोजदाद नाही. नेम धरायला पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी, म्हणजे माशी; मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. कार्डावरचे प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळापासून ८ मिलिमीटर दूर असल्यामुळे तो फटका सहावर पडतो. याउलट माशी आणि खाच एकमेकांशी बरोबर जुळलेली असतील आणि सगळा हातच ५ मिलिमीटर इकडेतिकडे डोलत असेल, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा मिळतातच. मी तोपर्यंत हात डोलू नये म्हणून श्वास कोंडून, दात आवळून झगडत होतो आणि काळ्या वर्तुळाकडे डोळे लावून बसलो होतो. माशी मात्र धूसर दिसत होती. तुम्ही ते उलटे करून दिलेत. नजर माशीच्या वरच्या कडेवर, दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी, माशीचा आणि खाचेचा माथा एका रेषेत, आणि ५९.५ मिलिमीटरचे ते काळे वर्तुळ वर कुठेतरी धूसर, त्याच्याखाली पांढरी पट्टी राखून. हात डोलतो तर डोलू द्यावा, हे ऐकून मला जो मोकळेपणा वाटला तो शब्दांत सांगता येत नाही.

पण नजरेला सवय लागायला वेळ लागला, आणि तो वेळ तुम्ही मला घ्यायला लावलात. तीन आठवडे मी कार्ड उलटे लावून कोऱ्या कागदावर नेम धरला. गुण नाहीत, वर्तुळे नाहीत, फक्त माशी, खाच आणि चाप. घरी रोज वीस मिनिटे भिंतीसमोर छर्ऱ्याविना ड्राय सराव. माझ्या पिस्तुलात हवा न भरता चाप चढवण्याची सोय आहे, हे पुस्तिका हातात असूनही मला ठाऊक नव्हते. तेही तुम्हीच दाखवलेत. त्याच वेळी तुम्ही बजावलेत की स्प्रिंगच्या पिस्तुलाने असा सराव करू नये, कारण पुढे छर्रा नसेल तर पिस्टन जोराने आपटतो आणि आतले भाग खराब होतात. चाप सुटताना माशी हलली की समजावे, बोट सरळ मागे न येता बाजूला ढकलते आहे. छर्रा सुटताना ही हालचाल धक्क्यात लपून जाते, ड्राय सरावात मात्र ती उघडी पडते, असे तुम्ही म्हणाला होता आणि अगदी तसेच झाले.

चापाविषयी आणखी एक आठवण आहे. मी स्क्रू फिरवून फिरवून तो इतका हलका केला होता की बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी सुटायचा आणि त्यालाच मी सुधारणा समजत होतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या नियमाप्रमाणे चापाने किमान ५०० ग्रॅम वजन पेलले पाहिजे. तुमच्याकडे त्या दिवशी वजन नव्हते, म्हणून तुम्ही पातळ प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी भरलेत, तिला दोरी बांधलीत, रिकामे पिस्तूल नळी सरळ वर करून धरलेत आणि दोरीचा फास चापात अडकवून बाटली हलकेच उचललीत. चाप लगेच सुटला. मग स्क्रू थोडा थोडा आवळत, पुन्हा पुन्हा उचलून पाहत, बाटली निवांत लटकून राहीपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. पहिला टप्पा, मग बोटाला स्पष्ट जाणवणारी अडचण, आणि तिथून पुढे हळूहळू वाढता दाब. ‘अपघाताने सुटलेला दहा हा दहा नव्हे’ हे तुमचे वाक्य त्या बाटलीसोबतच माझ्या लक्षात राहिले आहे.

माझ्या पिस्तुलाच्या जातीविषयी तुम्हाला असलेली माया मला तेव्हा कळली नव्हती, आता कळते. बैकाल इझ-४६एम, वायराउख एचडब्ल्यू-४०, गामो कॉम्पॅक्ट ही सगळी याच जातीची. हवा भरण्याचा सिलिंडर नाही, पंप नाही, गॅसच्या कुप्या नाहीत. तरफ दर वेळी तेवढाच प्रवास करते, म्हणून हवेचा दाबही दर वेळी जवळजवळ तेवढाच राहतो आणि स्प्रिंगच्या पिस्तुलासारखा आतला झटका हाताला बसत नाही. छर्ऱ्याचा वेग मोठा नसतो, पण १० मीटरवरच्या कागदाला मोठा वेग लागतही नाही. उणीवही तुम्ही लपवली नाहीत. ६० छर्ऱ्यांच्या सामन्यात ६० वेळा तरफ ओढावी लागते आणि पद्धत चुकली तर चाळिसाव्या छर्ऱ्यापर्यंत नेमाचा हात थरथरू लागतो. पिस्तूल धरणारा हात नुसता आधाराला ठेवायचा, तरफ दुसऱ्या हाताने आणि खांद्याच्या बळाने चालवायची, नळी पूर्ण वेळ लक्ष्याच्याच दिशेने राहील असे उभे राहायचे आणि तरफ मध्येच हातातून सुटू द्यायची नाही, हे तुम्ही माझ्या मागे उभ्या राहून, हाताला हात न लावता, केवळ सांगून बसवलेत. हवा दाबलेल्या स्थितीत पिस्तूल तासन्‌तास ठेवू नये, सीलवर ताण येतो, हेही तेव्हाच सांगितले होते. परवा सील बदलताना मनात आले की इतकी वर्षे ते टिकले, त्यात या सांगण्याचा वाटा असणार.

६० छर्ऱ्यांसाठी ७५ मिनिटे असतात, म्हणजे एका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. तरफेच्या कामामुळे मला सक्तीने थांबावे लागत होते आणि त्या थांबण्यालाच तुम्ही माझ्या सरावाची लय केलीत. तरफ, छर्रा, श्वास, हात वर, आणि आठ-दहा सेकंदांत चित्र जुळले नाही तर हात खाली. हात खाली घेणे मला सगळ्यात जड गेले. एकदा उचललेले पिस्तूल झाडल्याशिवाय खाली घेणे म्हणजे हार, असे मला वाटायचे. तुम्ही मला एका सरावात मुद्दाम प्रत्येक तिसरा नेम सोडून द्यायला लावलेत, चित्र कितीही चांगले असले तरी. त्या दिवशी मी चिडलो होतो, आणि त्या चिडण्याबद्दल इथे तुमची क्षमा मागतो.

मुठीचे कामही तुमच्यामुळेच झाले. लाकडी मूठ तळव्याला जिथे पोकळ लागत होती तिथे लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वाळवून, पॉलिश पेपरने घासून ती हाताला बसती केली. आता डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले तर माशी खाचेतच सापडते. छर्ऱ्यांबाबतही तुम्ही महागाच्या मागे लागू दिले नाहीत. सपाट तोंडाचे, कागदावर स्वच्छ गोल छिद्र पाडणारे तीन-चार प्रकारचे छर्रे तुमच्या डब्यांतून मूठ मूठ दिलेत, टॉवेलवर हात टेकवून प्रत्येकाचे कार्ड काढायला सांगितलेत, आणि माझ्या नळीला मधल्या किमतीचा एक प्रकार सगळ्यांत चांगला मानवला.

एका गोष्टीसाठी मात्र तुमचे आभार वेगळे मानले पाहिजेत. सुरुवातीच्या दिवसांत, कोणीतरी हाक मारली म्हणून, मी पिस्तूल हातात असतानाच मागे वळलो होतो. तुम्ही सगळी रेंज थांबवलीत. सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात, पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलेत आणि त्या दिवशी मला पुन्हा एकही छर्रा सोडू दिला नाहीत. पिस्तूल रिकामे होते, हे मी दोनदा सांगितले. तुम्ही ते ऐकूनही घेतले नाहीत. मला फार अपमान वाटला होता. आज नवीन मुले शेजारच्या लेनवर येतात तेव्हा मीही तसाच वागतो. एअर पिस्तूल स्वस्त असले, आवाज बारीक असला, तरी त्याचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, आणि स्वस्त म्हणून त्याला खेळणे समजणारी माणसे मी पाहिली आहेत. डोळ्यांवर चष्मा, घरी पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत, शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही, छर्रे अडवणाऱ्या पेटीमागे भक्कम आडोसा, आणि विकत घेण्याआधी आपल्या भागातला कायदा नीट वाचणे: हे सगळे मी तुमच्या धाकाने करू लागलो आणि आता सवयीने करतो.

१९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाचा प्रथम समावेश झाला, हे मला तुमच्याकडूनच कळले. त्याच गप्पांत तुम्ही नियमांची मोजमापे सांगितली होती: वजन १५०० ग्रॅमपर्यंत, आणि सबंध पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. माझे पिस्तूल त्या सगळ्यांत बसत होते. मी ते घरी जाऊन पट्टीने मोजूनही पाहिले, आणि नव्या पिस्तुलासाठी बाजूला काढलेले पैसे त्याच आठवड्यात छर्रे, कार्डे आणि रेंजच्या वर्गणीकडे वळवले.

तुम्ही पाच छर्रे मारलेले ते पहिले कार्ड मी जपून ठेवले आहे. त्याच्या मागे तुमचे पेन्सिलीचे गणित अजून वाचता येते. परवाचे कार्ड मी त्याच्याशेजारी ठेवून पाहिले. छिद्र तुमच्या छिद्राहून किंचित मोठे आहे, तरी दहाच्या वर्तुळात मावते. पुढच्या रविवारी रेंजवर दोन्ही कार्डे घेऊन येतो. तुम्ही पाहावीत, अशी इच्छा आहे.

आपला नम्र,
शेजारच्या लेनवरचा विद्यार्थी