पाण्यापलीकडच्या वाचकाचं मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

विषय : शिवसागर (कोयना धरणाच्या) जलाशयात पुस्तकांची बोट सुरू करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ग्रंथालयं उच्च व तंत्रशिक्षणाकडे, मराठी भाषेचा विभाग निराळा, शाहीर आणि नाटकवाले सांस्कृतिक कार्याकडे, पाणी जलसंपदेचं, काठावरचं रान वनखात्याचं. ज्यांच्या टेबलावर हे पत्र पडेल त्यांनी ते आपलंच समजावं, ही नम्र विनंती.

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच्या आधीच्या धामधुमीत एका मोठ्या साहेबांनी आम्हा जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या मंडळींना शब्द दिला होता. संमेलन उरकलं की पुस्तकांची एक लाँच बामणोलीहून सुटेल, महिन्यातून एकदा काठाकाठानं गावं घेत फिरेल, सोबत कधी शाहीर, कधी भारूड, कधी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या. "लेखी कशाला पाहिजे, मी आहे ना," असं म्हणाले. आम्ही चहा पिऊन, खूश होऊन परत आलो. आणि आता पाकीट आलं : "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तसेच पुलाचे काम प्रगतिपथावर असल्याने स्वतंत्र बोटीची आवश्यकता दिसून येत नाही." खाली सही. कुणाची, ते वाचता येत नाही.

पूल म्हणजे याच जलाशयावरचा तापोळा–आहीर. होऊ दे, आमच्या बाळंतिणी तरी सुखरूप पोचतील. पण पूल झाला म्हणून पुस्तकं त्यावरून आपसूक चालत येणार आहेत का? रस्ता असलेल्या किती गावांत वाचनालय उघडं असतं, ते एकदा मोजून घ्या.

बोटीची कल्पना माझी नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे लांबच लांब चिंचोळे फाटे डोंगरात घुसलेले आहेत, त्यांना फ्योर्ड म्हणतात. काठाला दहा-वीस घरांच्या वस्त्या, रस्ता कुठं आहे, कुठं नाही. थेट आमच्यासारखंच, फक्त थंडी जास्त. तिथं १९५९ पासून बोटीतून पुस्तकं जायला लागली. १९६३ साली त्यासाठी 'एपोस' नावाची बोट मुद्दाम बांधली. इकडे कोयनेची भिंत उभी राहत होती, त्याच काळात. एपोसवर सहाएक हजार पुस्तकं, ग्रंथपाल, आणि सोबत कलाकार. धक्क्याला लागली की मुलं आत येणार, पुस्तकं बदलून घेणार, खेळ बघणार. दीडशेच्या आसपास ठिकाणं घ्यायची, तीही ऐन हिवाळ्यात. २०२० मध्ये सरकारी पैसा आटला आणि ती बंद पडली. हे तुमच्या सचिवांनी कानात सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. पण ती साठ वर्षं चालून बंद पडली. आमची सुटायच्या आधीच बुडवलीत.

साहेब तेव्हा हसून म्हणाले होते, "नॉर्वे फार लांब राहिलं हो." लांब? १३ मार्च १९९९ ला याच जलाशयाच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग केलंत, ते तंत्र नॉर्वेचंच होतं ना? २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा केलंत. तळाला भोक पाडून पाणी न्यायचं तेव्हा नॉर्वे शेजारी होतं. त्याच पाण्यावरून चार पुस्तकं आणायची म्हटली की लगेच लांब गेलं! आणि ते श्रीमंत म्हणून त्यांना जमलं म्हणाल, तर बांगलादेशात 'चलन बिल' नावाच्या पाणथळ भागात शिधुलाई स्वनिर्भर संस्थेच्या बोटी २००२ पासून शाळा आणि वाचनालय घेऊन पुरात फिरताहेत.

आता थोडं माझं ऐका, कारण ते कुठल्याच फाइलीत नसणार. सातवीनंतर शाळा सुटली, मशीद बंदरला माथाडी म्हणून आयुष्य गेलं. रविवारी फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं घ्यायचो. बायको म्हणायची, पाठीवर वाहता ते पुरे नाही का? गावी परतलो तेव्हा पुस्तकांच्या गोणी तापोळ्याहून लाँचमध्ये चढवल्या, तर मालाचं भाडं लावलं. कांदे आणि कादंबऱ्या एकाच दरात. समाजमंदिरात फळ्या ठोकून मांडली. आमच्याकडचा पाऊस तुम्ही काचेआडून पाहिला असेल. पहिल्या वर्षी बुरशी आली, नंतर वाळवी. जून महिन्यात गेलेली वीज गणपतीत परत येते, आणि कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट! गुडघे गेलेत, तरी पिशवी घेऊन वाड्यावाड्यांवर जातो. लाँच बंद असली की पलीकडच्या काठाची पोरं वाट बघून घरी जातात. एक मुलगी तेच पुस्तक तिसऱ्यांदा नेते. दुसरं काय देऊ तिला? वाळवीनं खाल्लेलं?

सरकारमान्य 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार केलंत, तेही २०२२ मध्ये, बरीच वर्षं रडल्यावर. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातलं निम्मं पगाराचं. दोन हजारांत ग्रंथपाल! आणि तेही मान्यता असेल तर. २०१२ नंतर कित्येक वर्षं नव्या मान्यतेचं दारच बंद ठेवलंत. संमेलनाला दोन कोटी देता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्यात चारशेहून जास्त 'ड' वर्ग वाचनालयांचं वर्ष निघतं. हिशेब चुकला असेल तर दुरुस्त करून पाठवा, निदान त्या निमित्तानं कुणी कॅल्क्युलेटर उघडेल.

आमच्याच तालुक्यात भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. पर्यटक तिथं फोटो काढतात, स्ट्रॉबेरी खातात. विश्वकोश आमच्याच जिल्ह्यात वाईला तयार झाला, त्याचे खंड अजून पाणी ओलांडून आलेले नाहीत. याच जलाशयाच्या काठी मुनावळ्याला मात्र जेट स्की आली. म्हणजे पाण्यावर यंत्र चालतं, परवानगी मिळते, डिझेल मिळतं. फक्त त्यावर बसणारा पुण्या-मुंबईचा हवा. वाघीणसुद्धा ताडोब्याहून चांदोलीला सुखरूप आणलीत, चांगलं केलंत. तिच्या पिंजऱ्याची फाइल किती खात्यांतून फिरली ते जरा कळवाल का? म्हणजे आम्हीही त्याच रस्त्यानं अर्ज करू.

खरं सांगू? तुम्हाला इथं माणसं नकोतच. आधी शंभरेक गावांची जमीन पाण्याखाली घेतलीत. त्यातली माणसं रायगड, ठाणे, सांगली अशी पांगवलीत, आणि त्यांच्या नातवंडांना अजून पुनर्वसनासाठी ठिय्या द्यायला बसवता. उरलेल्यांचे तरुण मुंबईला हमाली करायला गेले. मग पट कमी म्हणून शाळेला कुलूप लावायची भाषा, वीसच्या खाली पट असलेल्या चौदा-पंधरा हजार शाळा आहेत म्हणे राज्यात. मग रान राखीव. शेवटी रिसॉर्टवाला येतो आणि म्हणतो, किती शांत जागा आहे! ती शांतता तुम्ही साठ वर्षं राबून तयार केली आहे, साहेब. मराठी अभिजात झाली तेव्हा आम्हीही पेढे वाटले. अभिजात भाषेतली गोष्टीची पुस्तकं आमच्या पोरांनी कुठं वाचायची, तेवढं त्या आदेशात लिहायचं राहिलं.

मागतोय काय? एक जुनी पण न गळणारी लाँच, पाचशे बरी पुस्तकं, पगार वेळेवर मिळणारा एक ग्रंथपाल आणि महिन्यातून एक फेरी. तारीख ठरलेली असावी आणि ती मोडू नये. बाहुल्या नंतर आल्या तरी चालतील.

याही पत्राला "अखत्यारीत येत नाही" असंच उत्तर द्यायचं असेल, तर ते कुणाच्या अखत्यारीत येतं, तेवढं नाव आणि टेबल कळवावं, सही वाचता येईल अशी करून. पावसाळ्याच्या आत कळवलंत तर पुढचं पत्र त्यांना टाकतो.

कळावे,
आपला,
एक माजी माथाडी कामगार
कांदाटी खोरे, ता. महाबळेश्वर, जि. सातारा